पेठेत पहिलं घर घेताना: मिळकत पत्रिकेपासून नाव लागेपर्यंत

पुण्याच्या पेठांत घर घेणाऱ्याची पात्रता साधी आहे. वय 18 पूर्ण हवं, पॅन आणि आधार हवं. महाराष्ट्राच्या अधिवासाची अट नाही. तपासायचं असतं ते विकणाऱ्याला. त्याला एकट्याला विकायचा हक्क आहे का? म्हणून किमतीची बोलणी मागाहून, आधी मिळकत पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीची सरकारी नोंद (प्रॉपर्टी कार्ड).

पेठेतल्या जागेला सिटी सर्व्हे नंबर असतो. त्यावरून पत्रिकेचा उतारा नगर भूमापन कार्यालयात किंवा महाभूमी पोर्टलवर मिळतो. धारकांची नावं एकेक करून वाचा. कंसातलं नाव कमी झालेलं असतं. ते कोणत्या फेरफाराने, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीने, कमी झालं, त्याची नक्कल मागून घ्या. बहुतेक व्यवहार इथेच अडतात. वडील गेल्यावर भावांची नावं लागली आणि बहिणींची राहिली, असं जुन्या वाड्यांत नेहमी दिसतं. बहिणीचा हिस्सा सुटायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, नाहीतर खरेदीखतावर विक्रेती म्हणून तिची सही हवी. नोटरी केलेल्या संमतीवर विसंबू नका. वकिलाकडून किमान 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांच्या नोंदी तपासल्याचा अहवाल) घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या.

अविभक्त वाड्यातला नुसता हिस्सा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. राहत्या घरातला असा हिस्सा घेणाऱ्या बाहेरच्या माणसाला कुटुंबासोबत ताबा मागता येत नाही; वाटपाचा दावा लावावा लागतो. त्यावर बँक सहसा कर्जही देत नाही.

भाडेकरूंचं तसंच. मालक बदलला तरी भाडेकरूचा हक्क 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने टिकतो. जिन्याखालचे विजेचे मीटर मोजा. खोल्या रिकाम्या म्हणून सांगितल्या आणि मीटर सात असतील, तर सातही बिलं कोणाच्या नावावर आहेत ते विचारा.

वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत फ्लॅट घेत असाल, तर भोगवटा पत्र (इमारत राहायला वापरण्याची महापालिकेची परवानगी) आणि मंजूर नकाशा पाहा. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर प्रकल्पाला महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाकडे, नोंदणीची सक्ती नसते. पेठांत असे प्रकल्प पुष्कळ आहेत, त्यामुळे पोर्टलवर काही सापडलं नाही तर कागद स्वतः तपासावे लागतात.

शनिवारवाड्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये बांधकामाआधी ना हरकत प्रमाणपत्र लागतं. पुनर्विकासाच्या आशेवर जुनं घर घेणाऱ्याने हे अंतर आधी मोजून घ्यावं.

मुद्रांक शुल्क पुण्यात 7 टक्के, फक्त महिलांच्या नावे खरेदी असेल तर 6 टक्के. व्यवहाराची किंमत आणि रेडी रेकनरने (सरकारी दरपत्रकाने) येणारी किंमत यांत जास्त असेल तिच्यावर ते बसतं. नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30,000 रुपये. म्हणजे 60 लाखांच्या घराला 4 लाख 20 हजार अधिक 30 हजार. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (त्याच्या नावे भरायचा आयकर) कापून भरायचा. विक्रेते पाच वारस असतील तर प्रत्येकाच्या पॅनवर वेगळा.

दुय्यम निबंधकाकडे सही झालेलं खत, ई-चलन, मिळकत पत्रिका, मिळकतकराची पावती, दोन्ही बाजूंचे ओळखपुरावे आणि दोन साक्षीदार लागतात. सहीपासून चार महिन्यांत नोंदणी व्हायला हवी. मग सूची दोनची (नोंदणी झालेल्या खताचा गोषवारा, इंडेक्स टू) प्रत घेऊन मिळकत पत्रिका, महापालिकेचा मिळकतकर आणि वीजबिल, तिन्हीकडे नाव लावायचे अर्ज वेगवेगळे द्या.