समंध (वाड्यातला)

उत्तरकार्य न झालेल्या किंवा जमीनजुमल्यात, पुरलेल्या धनात जीव अडकलेल्या मृताचे भूत म्हणजे समंध. मुंजाला पिंपळ पुरतो, वेताळाला गावाची शीव. समंधाला मात्र घर लागते, तेही स्वतःचेच. म्हणून गढ्या आणि वाडे ही त्याची हक्काची जागा.

जुन्या नाशकात ऐकू येणाऱ्या कथांचा साचा ठरलेला असतो. वाड्याचा मूळपुरुष किंवा निपुत्रिक गेलेला एखादा काका तळघरातल्या हंड्यांवर नाग होऊन बसतो. अमावास्येला दिंडी दरवाजाची कडी वाजते. घरच्यांना त्याचा त्रास नसतो. परक्याने जमीन उकरली की तो उठतो. खरे तर ही भुताची कमी आणि वारसाहक्काची गोष्ट जास्त आहे. वाटण्या रखडल्या, भाऊबंद कोर्टात गेले आणि मधला चौक ओस पडला, की समंध हटकून दिसू लागतो.

वाड्याची बांधणीही कथेला हातभार लावते. दिवसभर तापलेल्या सागवानी तुळया रात्री निवताना कडकडतात. पोटमाळ्यावर गव्हाणी घुबड असते. ते घुमत नाही, घशातून चिरका फूत्कार टाकते. काळोखात तो पांढरा चेहरा एकदा पाहिलेल्या माणसाला पुढे काही समजावण्यात अर्थ नसतो. भिंतीच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ रुजतो. मुंजाच्या धाकाने तो कोणी उपटत नाही, आणि काही वर्षांत मनगटाएवढे मूळ भिंत फोडते. मग पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस येते.

पेशवाईतली सर्वांत प्रसिद्ध हाक, नारायणरावांची ‘काका, मला वाचवा’, 1773 च्या खुनानंतर शनिवारवाड्याला चिकटली. ज्यांच्यावर ठपका आला त्या आनंदीबाई 1794 मध्ये नाशिकजवळ आनंदवल्लीला वारल्या. हाक मात्र पुण्यातच राहिली. गोदाकाठच्या मातीच्या गढीत 1950-51 साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या पथकाने उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगापर्यंतच्या वस्तीचे थर उघडे पडले. पुरातत्त्वाच्या लेखी धन म्हणजे या थरांतली खापरेच.

उपाय म्हणून त्र्यंबकेश्वरी तीन दिवसांचा नारायण-नागबळी करतात. नारायणबळी अपमृत्यू आलेल्यांसाठी, नागबळी नागहत्येच्या दोषासाठी. म्हणजे कथेतला मेलेला माणूस आणि हंड्यावरचा नाग, दोघांची सोय एकाच विधीत. गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्या मांत्रिकांचे अघोरी प्रकार मात्र 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरतात.

अलीकडे वाडे पाडून तिथे अपार्टमेंट उभी राहत आहेत. पाया खोदताना जुनी माणसे नारळ फोडून घेतात. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये समंध आल्याचे अजून ऐकिवात नाही.