ठसका धुळीचा, खोकला संसर्गाचा

गेल्या नोव्हेंबरात आमच्या घरात एकाच आठवड्यात दोन खोकले सुरू झाले. एक सात वर्षांच्या लेकाचा, दुसरा बहात्तर वर्षांच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळच्या बाजूला राहतो. समोरच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू आहे, पलीकडे मेट्रोचे खांब आणि त्यात दिवाळीनंतरची ती जड हवा. कपाटात उरलेलं एकच सिरप मी दोघांना चमचा-चमचा दिलं. खोकला ऐकायला सारखाच होता, म्हणून औषधही सारखंच. ही चूक घरोघरी होते, म्हणून हे लिहिते आहे.

श्वासाची वाट नाकापासून सुरू होते आणि घसा, स्वरयंत्र ओलांडून श्वासनळीत उतरते. श्वासनळी जेमतेम दहा-बारा सेंटिमीटरची. तिचे दोन फाटे होतात, त्यांना पुन्हा फाटे फुटतात. असं वीसहून जास्त वेळा होत शेवटी वायुकोशांचे बारीक बुडबुडे लागतात. या वाटेला आतून ओलं अस्तर असतं, त्यावर कफाचा पातळ थर आणि त्या थराला सतत घशाकडे ढकलणारे सूक्ष्म रोम. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात. तिथे अडकलेली धूळ आणि जंतू असे वर येतात आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. हे पुरेसं पडलं नाही की खोकला येतो.

आता मिरचीची फोडणी आठवा. तेलात मिरची पडली की स्वयंपाकघरातला माणूस तर खोकतोच, हॉलमध्ये बसलेलाही खोकतो. संसर्ग झाला असं कुणी म्हणत नाही. मिरचीतला तिखट अंश स्वरयंत्रातल्या आणि श्वासनळीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना झोंबतो आणि शरीर जोरात हवा बाहेर फेकतं. सिमेंटची धूळ, कचरा जाळल्याचा धूर, नव्या रंगाचा वास, बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड, उदबत्ती हे सगळं त्याच जातीचं. आपल्याकडे खाडीमुळे डास फार, म्हणून रात्री कॉइल लावतात. एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले होते. बंद खोलीत बाळ झोपलेलं असताना ती लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अशा त्रासात आत काहीही वाढत नसतं. कारण समोर आलं की काही मिनिटांत किंवा तासांत त्रास सुरू होतो आणि ते दूर झालं की बहुतेकदा ओसरतो. संसर्गात मात्र काहीतरी जिवंत आत शिरून वाढत असतं. फ्लूचा विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात. मग ताप, अंगदुखी, नाक गळणं, घसा दुखणं. चढतं, टोकाला जातं, उतरतं. आणि घरात दुसऱ्याला लागतं. धूळ कुणाची कुणाला लागत नाही. ती सगळ्यांना एकाच वेळी बाधते, ज्याची छाती नाजूक त्याला जास्त.

म्हणूनच डॉक्टरांनी अण्णांना छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी विचारलं, "काका, गावी गेलात की खोकला कसा असतो?" उत्तर सासूबाईंनी दिलं. "मध्ये लग्नाला वाईला गेलो होतो चार दिवस. तिकडे एकदाही ढास लागली नाही. परत आलो आणि दुसऱ्या सकाळपासून पुन्हा सुरू." त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं.

अण्णा रोज सकाळी सात वाजता पेपर घेऊन गॅलरीत बसायचे. त्या कठड्यावरून ओलं फडकं फिरवलं की ते राखाडी होतं, चिमटीत चोळलं तर कचकच लागते. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते, वारा पडलेला असतो, म्हणून धूळ-धूर वर चढत नाही. येऊरचे डोंगर सकाळी धुरकट दिसतात ते याचमुळे. कठड्यावरची ही मोठी धूळ नाकात आणि घशात अडकते, पण पीएम २.५ म्हणतात ते अगदी बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. आपल्याकडे त्यांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सांगितली. तेव्हा मोबाइलवर हवा 'समाधानकारक' दिसली तरी म्हाताऱ्या माणसाच्या छातीचं समाधान होईलच असं नाही.

लेकाचं प्रकरण निराळं. त्याला आधी १०१ ताप आला, नाक वाहिलं, वर्गातली चार मुलं तेव्हाच आजारी होती. ताप चार दिवसांत गेला, खोकला मात्र तीन आठवडे राहिला. मी दोनदा अँटिबायोटिक मागितलं आणि डॉक्टरांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. बरोबरच केलं. असा खोकला बहुतेकदा विषाणूंचा असतो आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. विषाणू अस्तराची वरची पेशी-पेशी सोलून काढतो, रोमही जातात. ते पुन्हा उगवेपर्यंत आतली नळी हुळहुळी राहते आणि गार हवा, हसणं, धावणं एवढ्यावरही उबळ येते. म्हणजे संसर्ग संपला तरी मागे धुळीसारखाच खोकला उरतो. उलटंही होतं. रोज धूर-धूळ खाऊन रोम सुस्तावले की जंतूंना वाट मोकळी मिळते. दोन्ही खोकले एकमेकांत इतके मिसळतात ते यामुळे.

बेडक्याच्या रंगावरून ठरवू नका. हिरवा-पिवळा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या द्रव्याचा असतो, तो विषाणूच्या साध्या खोकल्यातही दिसतो. रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खरी भीती असते ती संसर्ग वायुकोशांत उतरण्याची, म्हणजे न्यूमोनियाची. त्यासाठी श्वास मोजायला शिका. मूल शांत झोपलेलं असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभराचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट बघू नका. म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. जेवण सुटणं, गुंगी, असंबद्ध बोलणं एवढंच दिसू शकतं.

कबुतरांचं वेगळं सांगायला हवं. त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ काही जणांच्या फुप्फुसात अ‍ॅलर्जीसारखी सूज आणते. तो संसर्ग नव्हे, तरी कधी ताप येतो, आणि वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडतात. गॅलरीला जाळी लावा, विष्ठा कोरडी झाडू नका, भिजवून पुसा. रात्री-पहाटे छातीत शिट्टी वाजत असेल तर दम्याची तपासणी करून घ्या.

वाईचं उत्तर इतकं स्पष्ट असूनही डॉक्टरांनी अण्णांना एक्स-रे आणि थुंकीची तपासणी सांगितली. दोन आठवड्यांहून जास्त चाललेल्या खोकल्यात टीबी नाही हे बघायचंच असतं, आणि सरकारी केंद्रात ती तपासणी मोफत होते. दोन्ही रिपोर्ट चांगले आले. अण्णांची खुर्ची आता मागच्या बेडरूममध्ये खिडकीशी आहे. पेपर तिथेच वाचतात, आणि गॅलरी मी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसते.