‘ईएफ 60 टक्के’ म्हणजे हृदयाचा प्रत्येक भाग ठणठणीत?

टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘ईएफ 60’ दिसलं की ‘स्नायू सगळा ठीक आहे’ असं सर्रास समजलं जातं. ते चूक आहे. ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) म्हणजे डावी जवनिका, शरीराला रक्त पाठवणारा हृदयाचा कप्पा, दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकते तो आकडा. ही अख्ख्या जवनिकेची गोळाबेरीज. एका भागाचं रक्त तुटलं तर शेजारचे भाग जास्त जोर लावतात आणि अनेकदा आकडा जागचा हलत नाही.

म्हणून जवनिकेचे 17 भाग पाडून एकेक तपासतात. त्यातही भिंत हलते का, यापेक्षा ती जाड होते का हे बघायचं, कारण निकामी भागाला शेजारचा स्नायू ओढून हलवतो. फसगत इथेच होते! शिथिल अवस्थेत 10 मिमी असलेली भिंत आकुंचनात 14 मिमी झाली, तर जाडी 40 टक्के वाढली: उत्तम. 10.5 मिमीच झाली, तर जवळजवळ ठप्प.

टेनंट आणि विगर्स या संशोधकांनी 1935 मध्येच कुत्र्यांवर दाखवलं होतं की हृदयाच्या एखाद्या भागाला रक्त देणारी धमनी बांधल्यावर मिनिटभरातच तो भाग आकुंचनाच्या वेळी उलट बाहेर फुगतो. मात्र ठप्प भाग मेलेलाच असतो असं नाही; रक्तपुरवठा परतल्यावर तो काही दिवसांनी पुन्हा चालूही होतो.