स्विचिंग यंत्रणेतील मेंटेनन्स अलार्म आणि दोषशोध : पार्श्वभूमी

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अलार्म आला की टर्मिनलवर लॉग उघडायचा, ‘मेजर’ (गंभीर) की ‘मायनर’ (किरकोळ) ते पाहायचे आणि संशयित सर्किट-कार्ड तपासायला घ्यायचे, हा क्रम आज देखभाल करणाऱ्यांच्या अंगवळणी पडला आहे. तो एका दिवसात ठरलेला नाही. जोडणी हाताने होत असे तोवर बिघाड थेट ऑपरेटरच्या कानावर पडत असे. मधला माणूस हटल्यावर मात्र यंत्रानेच हाक मारणे भाग पडले.

स्ट्राउजर पद्धतीचे, म्हणजे ऑपरेटरविना यंत्राने पायरीपायरीने जोडणी करणारे, पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १८९२ मध्ये अमेरिकेतील ला पोर्ट येथे सुरू झाले. अशा एक्स्चेंजांत पुढे रुळलेली अलार्मची रचना फ्यूजच्या उदाहरणावरून चांगली समजते. फ्यूजची तार वितळली की ताणून धरलेली बारीक स्प्रिंग सुटे, तिच्या टोकाचा रंगीत मणी बाहेर डोकावे आणि स्प्रिंग अलार्मच्या पट्टीला टेकताच घंटा वाजू लागे. आधी रांगेच्या टोकाचा दिवा, मग रॅकवरचा दिवा आणि शेवटी तो मणी, असा माग काढत तंत्रज्ञ नेमक्या जागी पोहोचे. घंटा थांबवण्याची कळ वेगळी असे. ती दाबली तरी दिवा दोष दूर होईपर्यंत जळत राही. ही व्यवस्था जागा अचूक दाखवी, पण फ्यूज का उडाला हे सांगत नसे, आणि शॉर्ट न शोधता नवा फ्यूज बसवला तर तोही उडे.

आडव्या-उभ्या दांड्यांच्या छेदावर जोडणी करणाऱ्या क्रॉसबार पद्धतीने ही अडचण वाढवली. तिच्यातील ‘मार्कर’ हे सामाईक नियंत्रण मंडल क्षणार्धात एक कॉल जोडून दुसऱ्याकडे वळत असल्यामुळे तंत्रज्ञ येईपर्यंत दोषाची खूणच उरत नसे. त्यावर उपाय म्हणून १९४८ मध्ये सेवेत आलेल्या बेल कंपनीच्या ‘नंबर ५ क्रॉसबार’मध्ये जोडणी ठरलेल्या वेळेत पूर्ण झाली नाही, तर त्या क्षणीची स्थिती छिद्रांच्या रूपाने कागदी कार्डावर टिपली जाई. एकट्या कार्डावरून फारसे कळत नसे. मात्र अनेक कार्डे शेजारी ठेवून सर्वांत कोणता दुवा सामाईक आहे हे पाहिले की संशय एका जागी येऊन थांबे, आणि माझ्या मते आजच्या लॉग-विश्लेषणाचे मूळ इथेच आहे.

१९६५ मध्ये न्यू जर्सीतील सकासुना येथे ‘१ ईएसएस’ हे संगणक-नियंत्रित एक्स्चेंज सुरू झाले. चाळीस वर्षांत एकूण दोन तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहू नये, हे त्याचे उद्दिष्ट होते, म्हणून प्रोसेसर जोडीने बसवून त्यांचे काम परस्परांशी ताडून पाहिले जाई. फरक आढळला की यंत्रणा सदोष भाग स्वतः बाजूला काढी, त्याची चाचणी घेई आणि निकाल टेलिप्रिंटरवर आकड्यांत छापी. तो आकडा दोषकोशात शोधला की बदलायच्या कार्डांची नावे मिळत. हा कोश मुद्दाम हजारो दोष घालून व प्रत्येकाचा परिणाम नोंदवून तयार केला होता. तरीही अधूनमधून उद्भवणारा दोष त्यात सापडेलच असे नसे.

मात्र ही सारी योजना सुटे भाग बिघडतील असे गृहीत धरून केलेली होती. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीच्या जाळ्यात एका स्विचने (कॉल जोडणाऱ्या एक्स्चेंज-यंत्राने) स्वतःला सावरून पुन्हा काम सुरू केल्याचे संदेश शेजारच्या स्विचांकडे पाठवले, त्यांच्या सॉफ्टवेअरमधील चुकीमुळे तेही स्वतःला रीसेट करू लागले आणि ११४ स्विचांमधून हे चक्र सुमारे नऊ तास फिरत राहिले. एकही कार्ड जळाले नव्हते. बिघाड सावरण्याची क्रियाच इथे बिघाड पसरवत होती, त्यामुळे कार्ड बदलून सुटणारा हा प्रश्नच नव्हता.

वेगवेगळ्या उत्पादकांची यंत्रे एकाच जाळ्यात आल्यावर समान भाषेचीही गरज भासली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९२ च्या ‘एक्स.७३३’ शिफारशीने अलार्मच्या नोंदीत संभाव्य कारण आणि तीव्रता यांची ठरावीक जागा नेमून दिली. त्यातली तीव्रता ही ‘भासलेली’ तीव्रता आहे आणि कारण ‘संभाव्य’ आहे, हे शब्द फार विचारपूर्वक निवडलेले आहेत. एक पॉवर सप्लाय गेला की त्यावर अवलंबून असलेले डझनभर भाग आपापला अलार्म देतात, आणि त्यांतला सर्वांत तीव्र अलार्म मूळ दोषाचाच असतो असे नाही. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ तीव्रतेआधी वेळ पाहतो, पहिला अलार्म आणि सर्वांना सामाईक असलेला भाग शोधतो. याच शिफारशीत ‘क्लिअर्ड’ (दोष दूर झाला) हीदेखील तीव्रतेची एक पायरी आहे. टर्मिनलवर अ‍ॅक्नॉलेज केलेला, म्हणजे पाहिल्याची पोच दिलेला, अलार्म यंत्रणेकडून तो ‘क्लिअर्ड’ संदेश येईपर्यंत यादीत राहतो, जसा घंटा थांबवल्यानंतरही रॅकवरचा दिवा जळत राहत असे.