हेरिटेज रेल्वे

हेरिटेज रेल्वे म्हणजे जुन्या काळची अशी लाइन जिचे रूळ, इंजिनं, डबे, स्टेशनं जपून ठेवलीत आणि त्यावर गाड्या अजून खरोखर धावतात. नुसतं म्युझियममधे उभं केलेलं इंजिन यात मोडत नाही.

यातल्या बऱ्याच लाइनी मुळात फिरायला म्हणून टाकलेल्याच नव्हत्या. अमेरिकेतली दुरँगो-सिल्व्हर्टन (१८८२) चांदीच्या खाणींसाठी आली, वेल्समधली टॅलिलिन (१८६५) पाटीच्या दगडासाठी. डोंगरात मोठे बोगदे परवडायचे नाहीत म्हणून नॅरोगेज (कमी रुंदीचे रूळ) घेतलं, ते अगदी आखूड वळणंसुद्धा घेतं, मग लाइन नदीच्या कडेकडेने वळत वळत जाते आणि स्पीड आपोआप कमी राहतो. आज लोक खिडकीतून दरी बघत बसतात, वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन दिसलं की फोटो काढतात, ते सगळं सुख त्या काळच्या काटकसरीतून आलंय.

चढ चढायच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. दार्जिलिंगची गाडी (१८८१) लूप (गोल फेरी मारून आपल्याच रुळांवरून वर जाणं) आणि झिगझॅग घेत वर जाते, झिगझॅगवर ती पुढे जाऊन थांबते, मग उलटी मागे चढते आणि परत पुढे निघते. तिथे स्टीम इंजिनाच्या पुढच्या बाजूला बसलेली माणसं चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर हाताने वाळू टाकतात, हे एकदा तरी बघावंच! निलगिरी लाइनवर तीव्र चढाला रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या आहेत, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकत जातं आणि इंजिन डबे मागून ढकलतं. दोन्ही लाइनी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, दार्जिलिंग १९९९ पासून, निलगिरी २००५ पासून.

खाणी बंद पडल्या, रस्ते आले, अशा कितीतरी लाइनी भंगारात गेल्या. टॅलिलिनचीही तीच गत होणार होती पण १९५१ मधे स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली, जगात असं पहिल्यांदाच झालं.

खरं अवघड काम बॉयलरचं. गाडी सुटायच्या कितीतरी तास आधी जाळ लावतात, घाईने तापवला तर धातू कमीजास्त फुगून तडे जाऊ शकतात. फायरमनला कोळसा टाकता टाकता काचनळीतल्या पाण्याच्या पातळीवर सारखं लक्ष ठेवावं लागतं, पाणी कमी होऊन भट्टीच्या वरचा पत्रा उघडा पडला तर स्फोट होऊ शकतो. हे नुसतं वाचून येत नाही, जुन्या हातांखाली शिकावं लागतं, म्हणून गाडी चालती ठेवणं इतकं महत्त्वाचं. उन्हाळ्यात ठिणगीने वणवा लागायची भीती असते तिथे काही लाइनी डिझेल इंजिन लावतात किंवा कोळशाऐवजी तेल जाळतात.