झाकलेली कृष्णविवरे आणि २२व्या घाताची रेघ

सक्रिय दीर्घिका केंद्रांचे, म्हणजे मधले कृष्णविवर वायू गिळत असल्याने झळकणाऱ्या गाभ्यांचे, दोन प्रकार मुळात वर्णपटातील रेषा रुंद (पहिला) की अरुंद (दुसरा) एवढ्यावरून पाडले गेले. १९८५ मध्ये एनजीसी १०६८ या दुसऱ्या प्रकारच्या दीर्घिकेच्या ध्रुवित, म्हणजे विखुरून आपल्याकडे वळलेल्या, प्रकाशात रुंद रेषा सापडल्या. धुळीच्या वलयाआड पहिल्याच प्रकारचे केंद्र असते, फरक फक्त आपल्या बघण्याच्या कोनाचा, हे मत त्यानंतर रूढ झाले. चित्र सुटसुटीत होते, जरा जास्तच.

खरी उलथापालथ क्ष-किरणांनी केली. आकाशभर पसरलेले क्ष-किरणांचे पार्श्वप्रारण १९६२ पासून माहीत होते. त्याची ऊर्जा ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (क्ष-किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) आसपास सर्वाधिक आहे आणि उघड्या क्वेसारांच्या, म्हणजे अतितेजस्वी सक्रिय केंद्रांच्या, बेरजेतून तो आकार जमत नाही. झाकलेली केंद्रे मोठ्या संख्येने धरावीच लागतात. १९९९ नंतर चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण अवकाश दुर्बिणींनी १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टखालचे बहुतेक प्रारण सुट्या स्रोतांत वेगळे करून दाखवले. त्यावरच्या पट्ट्यात, ८ ते २४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, न्यूस्टार या दुर्बिणीला २०१२ नंतर जेमतेम एक तृतीयांश साधले.

आता ‘झाकलेले’ कशाला म्हणायचे? क्ष-किरणवाल्यांनी रेघ ओढली : दृष्टिरेषेत दर चौरस सेंटिमीटरला हायड्रोजनचे १०चा २२वा घात इतके अणू. त्याहून कमी वायू दीर्घिकेच्या स्वतःच्या तबकडीतही असू शकतो, म्हणून ही रेघ. जवळच्या विश्वात ती चालून जाते. पण दूरच्या, वायूने गच्च भरलेल्या दीर्घिका वलयाची मदत न घेताही ती ओलांडतात. शिवाय रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाणे; ती जितकी जास्त तितकी वस्तू दूरची आणि काळ जुना) वाढली की शोषणाची खूण दुर्बिणीच्या पट्ट्याखाली सरकते आणि मोजमाप डळमळते. धूळ टिकत नाही इतक्या आतला वायू क्ष-किरण अडवतो, दृश्य प्रकाश मात्र जाऊ देतो; तेव्हा एकच केंद्र एका यादीत उघडे, दुसरीत झाकलेले. एनजीसी १३६५ या दीर्घिकेत तर ढग आड येऊन काही तासांत-दिवसांत पारडे फिरते. तरीही झाकलेल्यांची टक्केवारी याच रेघेवर मोजली जाते, आणि आकड्यांवरचे निम्मे वाद तिथूनच उपजतात.

अवरक्तात धूळ स्वतःच तापून चमकते, त्यामुळे २००३ नंतर स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीने क्ष-किरणांना न दिसलेली केंद्रेही पुढे आणली. मंद केंद्रे मात्र ताऱ्यांच्या उजेडात हरवतात.

उत्क्रांतीचा क्रमही सरळ नाही. तेजस्वी क्वेसारांचा बहर रेडशिफ्ट २ ते ३ च्या दरम्यान, मंद केंद्रांचा त्यानंतर, १ च्या आसपास. तेज वाढले की झाकलेल्यांचे प्रमाण घटते, काळात मागे गेले की वाढते. जवळच्या केंद्रांवरील २०१७ च्या विश्लेषणाने निर्णायक ठरवले ते कृष्णविवराच्या वस्तुमानाच्या मानाने बाहेर पडणारे प्रारण : ठरावीक मर्यादेनंतर त्याचा दाब धुळीचा वायू उडवून लावतो. म्हणजे नुसत्या कोनाचा हिशेब पुरेसा नव्हता.

जेम्स वेब दुर्बिणीने दूरच्या विश्वात टिपलेले ‘छोटे लाल ठिपके’, म्हणजे इवल्या, लालसर वस्तू, यात नवी भर घालतात. त्यांच्या वर्णरेषा रुंद, म्हणजे जुन्या व्याख्येने केंद्र उघडे. रंग मात्र लाल, आणि बहुतेकांतून क्ष-किरण जवळपास येतच नाहीत.