उष्णकटिबंधीय आमरींच्या नव्या जातींचा शोध व वर्गीकरण

आमरी किंवा ऑर्किड हे सपुष्प वनस्पतींमधील सर्वांत मोठ्या दोन कुलांपैकी एक असून त्यात सुमारे ७५० प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) आणि २८,००० जाती नोंदलेल्या आहेत. यांतील बहुसंख्य जाती उष्ण कटिबंधातल्या आहेत आणि तेथूनच दरवर्षी शेकडो नव्या जातींची भर पडत असते. जंगलात एखादी अनोळखी आमरी दिसली एवढ्याने ती नवी जाती ठरत नाही. आजवर नाव मिळालेल्या कोणत्याही जातीशी ती जुळत नाही, हे कसोशीने पडताळून तिचे वर्णन वनस्पतिनामकरणाच्या नियमांनुसार प्रसिद्ध करावे लागते. त्यामुळे या शोधाचा मोठा भाग जंगलापेक्षा वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटांपुढे आणि हरितगृहांत पार पडतो.

आमरीची ओळख मुख्यतः फुलावरून पटते. फुलात तीन संदले (बाहेरची दले) व तीन प्रदले (पाकळ्या) असतात. प्रदलांपैकी एक इतरांहून वेगळे, बहुधा मोठे व रंगीत असते. त्याला ओष्ठ म्हणतात. बहुतेक जातींत कळी उमलण्यापूर्वी तिचा देठ १८० अंशांत पीळ घेतो आणि मुळात वरच्या बाजूला असलेला ओष्ठ खाली येऊन कीटकाला बसण्यासाठी ओट्यासारखा उपयोगी पडतो. पुंकेसर व स्त्रीकेसर एकजीव होऊन फुलाच्या मध्यभागी एक स्तंभ तयार होतो. बहुतेक आमरींत परागकण सुटे नसतात. त्यांचे घट्ट पुंज बनलेले असतात आणि ते चिकट चकतीच्या साहाय्याने कीटकाच्या अंगाला जसेच्या तसे चिकटतात. परागपुंजांची संख्या व मांडणी, स्तंभाचा आकार, ओष्ठावरील उंचवटे व रोम यांवर जातीची ओळख अवलंबून असते. हे अवयव पुष्कळदा एक-दोन मिलिमीटरचे असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली फूल उलगडल्याशिवाय निर्णय देता येत नाही.

उष्ण कटिबंधातील बहुसंख्य आमरी अपिवनस्पती आहेत, म्हणजे त्या झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढतात, पण आश्रयदात्या झाडातून अन्न शोषून घेत नाहीत. त्यांच्या मुळांवरील स्पंजासारखे आवरण पावसाचे व धुक्याचे पाणी टिपून घेते. अँडीज पर्वतातील ढगांनी वेढलेली अरण्ये, मध्य अमेरिका, मादागास्कर, बोर्निओ आणि न्यू गिनी हे अशा आमरींचे सर्वांत समृद्ध प्रदेश होत. एकट्या न्यू गिनी बेटावर सुमारे २,८०० जाती आढळतात. तीस-चाळीस मीटर उंचीवरच्या फांदीवरील रोप जमिनीवरून दिसणे कठीण असल्याने वादळात मोडून पडलेल्या फांद्या आणि नुकतीच तोडलेली झाडे संशोधकांना फार मोलाची वाटतात. काही आमरींचा आकारच असा असतो की, त्या सहज नजरेतून सुटाव्यात. इक्वेडोरमध्ये २००९ साली प्लॅटिस्टेल प्रजातीतील जेमतेम दोन मिलिमीटर रुंद फुलाची एक आमरी सापडली, तीही दुसऱ्या एका रोपाच्या मुळांत वाढत असलेली. आमरीचे बीज धुळीच्या कणासारखे असते आणि त्यात अन्नसाठा नसतो, त्यामुळे विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. वाऱ्याबरोबर दूरवर जाऊ शकणारे बीज असूनही कित्येक जाती एखाद्या डोंगररांगेपुरत्या मर्यादित राहतात, त्यामागे बुरशी, परागण करणारा कीटक आणि हवामान या तिन्हींचा मेळ बसणे हे एक कारण असावे. म्हणूनच एका दरीची पाहणी पूर्ण झाली तरी शेजारच्या दरीबद्दल काहीच गृहीत धरता येत नाही.

जंगलात सापडलेले रोप बहुधा बिनफुलाचे असते आणि केवळ पानांवरून व फुगीर खोडांवरून जाती सांगणे जवळजवळ अशक्य असते. अशी रोपे परवानगीने वनस्पती-उद्यानात आणून फुलेपर्यंत वाढवावी लागतात आणि या प्रतीक्षेला काही वेळा वर्षे लागतात. बल्बोफायलम नॉक्टर्नम या जातीचा शोध या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. न्यू गिनीजवळच्या न्यू ब्रिटन बेटावरून आणलेले हे रोप नेदरलँड्समधील लायडनच्या उद्यानात वाढत होते. त्याला कळ्या येत, पण उमलण्याच्या बेतात आल्यासारख्या दिसत असतानाच त्या कोमेजून गेलेल्या आढळत. हे कोडे सुटावे म्हणून एड द फोगल या वनस्पतिशास्त्रज्ञाने रोप घरी नेऊन ठेवले, तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाल्यावर, रात्री दहाच्या सुमारास, एक कळी उमलली. फुलाचे आयुष्य एका रात्रीचे होते. ते सर्वांच्या नजरेआड उमलून मिटत होते. त्याच्या इवल्या प्रदलांना श्लेष्मकवक या बुरशीसारख्या जीवाच्या फळांसारखे दिसणारे करडे, लोंबते उपांग होते. २०११ मध्ये ही जाती प्रसिद्ध झाली, तेव्हा केवळ रात्री फुलणारी ती पहिलीच ज्ञात आमरी ठरली. रात्री फुलणारी इतर फुले आहेत आणि रात्री सुगंध देणाऱ्या आमरीही आहेत. परंतु त्यांची फुले दिवसाही उघडीच असतात.

नमुना गोळा करताना रोप दाबून वाळवतात आणि काही फुले मद्यार्काच्या मिश्रणात जतन करतात. मद्यार्कातील फुलांना विशेष महत्त्व आहे, कारण कागदाखाली दाबलेल्या आमरीच्या फुलाची त्रिमिती रचना नाहीशी होते आणि पुढे अभ्यासकाला ते पाण्यात उकळून, मऊ करून पुन्हा उलगडावे लागते. रंग व गंध कोणत्याच पद्धतीने टिकत नसल्याने ते जागेवरच लिहून ठेवावे लागतात. छायाचित्रांची सोय झाल्यानंतरही फुलाचा प्रत्येक भाग सुटा करून मापासह काढलेले रेखाचित्र हाच वर्णनाचा कणा मानला जातो आणि तसे मानणे योग्यच आहे, कारण रेखाचित्र काढणाऱ्याला प्रत्येक उंचवटा व घडी पाहावीच लागते.

यानंतरचे काम तुलनेचे असते आणि तेच सर्वांत कष्टाचे आहे. प्रत्येक नाव एका जपून ठेवलेल्या आदिनमुन्याशी बांधलेले असते. नाव कोणत्या वनस्पतीचे, असा प्रश्न पडला तर उत्तर त्या नमुन्यातच शोधावे लागते. तो पाहायला मिळाला नाही तर किती गोंधळ होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसून आले. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांच्या १८६५ मधील निधनानंतर आमरींच्या अभ्यासातील अधिकारी पुरुष म्हणून हाइनरिख गुस्टाफ राइखेनबाख यांचे नाव घेतले जाई. १८८९ मध्ये ते निवर्तले, तेव्हा त्यांनी आपला प्रचंड संग्रह व्हिएन्नाच्या संग्रहालयाला दिला, परंतु तो पंचवीस वर्षे कोणालाही उघडू देऊ नये अशी अट मृत्युपत्रात घातली. त्या काळात इतर अभ्यासकांना केवळ त्यांच्या त्रोटक छापील वर्णनांवर विसंबून राहावे लागले आणि एकाच जातीला दुसऱ्यांदा नावे दिली गेली. रुडॉल्फ श्लेख्टर यांच्या संग्रहावरील आघात तर कायमचा ठरला. न्यू गिनीतील एक हजाराहून अधिक आमरींचे वर्णन करणाऱ्या या संशोधकाचे नमुने बर्लिनमध्ये होते आणि मार्च १९४३ च्या बाँबहल्ल्यात ते जळाले. ज्या नमुन्यांच्या जोडप्रती अन्य संग्रहालयांत होत्या त्यांतून पर्यायी आदिनमुने निवडता आले. उरलेल्यांच्या बाबतीत वर्णने व चित्रे यांवर भिस्त ठेवावी लागते.

फुलांतील फरक खरा असूनही तो निष्कर्ष चुकवू शकतो, याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील कॅटासीटम हे आहे. कॅटासीटम, मोनॅकँथस व मायँथस या तीन प्रजाती फुलांच्या ठळक भेदांवरून वेगवेगळ्या मानल्या गेल्या होत्या. मग रॉबर्ट शोम्बुर्क यांना ब्रिटिश गयानात तिन्ही प्रकारची फुले एकाच रोपावर आढळली आणि वर्गीकरणाचा पायाच हलला. चार्ल्स डार्विन यांनी मद्यार्कात जपलेली ती फुले तपासली आणि १८६२ मध्ये दाखवून दिले की, कॅटासीटम हे नर फूल व मोनॅकँथस हे मादी फूल आहे. मायँथसला त्यांनी द्विलिंगी मानले होते. ते दुसऱ्याच एका जातीचे नर फूल असल्याचे रॉबर्ट रोल्फ यांनी १८९१ मध्ये स्पष्ट केले. याच्या उलट, एकसारखी दिसणारी फुले वेगळ्या गंधाने वेगवेगळ्या कीटकांना आकर्षित करत असतील, तर त्या जाती भिन्न असू शकतात. लेपँथिस, बल्बोफायलम यांसारख्या हजारांहून अधिक जातींच्या प्रजातींमध्ये ही सीमा ठरवणे विशेष अवघड जाते.

नवे नाव वैध ठरण्यासाठी लॅटिन रूपातील द्विनाम, वर्णन किंवा निकट जातींपासूनचा भेद सांगणारे निदान आणि आदिनमुना कोणत्या संग्रहात ठेवला आहे याचा उल्लेख आवश्यक असतो. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत वर्णन किंवा निदान लॅटिनमध्येच द्यावे लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते आणि विहित स्वरूपातील केवळ इलेक्ट्रॉनिक प्रकाशनही ग्राह्य धरले जाते. एकाच जातीला दोन नावे मिळाल्यास आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते. पेरूमधील मोठ्या जांभळ्या फुलाची फ्रॅग्मिपेडियम कोवाची ही जाती जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अवघ्या काही दिवसांनी तिलाच फ्रॅग्मिपेडियम पेरुव्हियानम हे दुसरे नाव छापले गेले. पहिल्या वर्णनासाठी वापरलेले रोप परवान्याशिवाय अमेरिकेत आणल्याबद्दल तेथे खटले झाले, पण नाव मात्र पहिलेच राहिले, कारण नामकरणाची संहिता केवळ प्रकाशनाचा विचार करते.

जातींहून वरच्या पातळीवरील वर्गीकरण दीर्घकाळ परागकोशांच्या संख्येवर व परागपुंजांच्या रचनेवर आधारलेले होते. १९९० च्या दशकापासून डीएनएच्या तुलनेने ते पुन्हा मांडले गेले आणि आज आमरींची अपोस्टॅसिऑइडी, व्हॅनिलॉइडी, सिप्रिपेडिऑइडी, ऑर्किडॉइडी व एपिडेंड्रॉइडी अशी पाच उपकुले मानतात. उष्णकटिबंधीय अपिवनस्पतींपैकी बहुतेक सर्व शेवटच्या उपकुलात येतात. व्हॅनिलाच्या फुलात एकच कार्यक्षम परागकोश असल्याने तिला पूर्वी एपिडेंड्रॉइडीत स्थान होते; परंतु तिची शाखा दोन परागकोशांच्या पादुका-आमरींच्याही (चपलेसारख्या ओष्ठाच्या सिप्रिपेडिऑइडींच्या) आधी फुटल्याचे डीएनएवरून दिसते. म्हणजे एकच परागकोश उरण्याची घटना या कुलात दोनदा घडली आणि शतकभर विश्वासाचे मानलेले लक्षण नात्याचा पुरावा म्हणून अपुरे पडले. प्रजातींच्या सीमाही यामुळे बदलल्या. ब्राझीलमधील लेलिया आता कॅटलियात आणि ॲस्कोसेंट्रम व्हँडात समाविष्ट झाले आहे. बागायतदारांना या नामांतरांचा त्रास होतो हे खरे, पण जुने नाव सोयीचे असले तरी चुकीचे नाते सांगत असेल तर ते बदलणेच योग्य.

मादागास्करमधील फुटभर लांबीच्या मकरंदनलिकेची अँग्रेकम सेस्क्विपेडाले ही आमरी पाहून डार्विन यांनी तितक्याच लांब सोंडेच्या पतंगाचे भाकीत केले होते आणि तो पतंग १९०३ मध्ये नोंदला गेला. त्याच बेटावरील सोलेनँजिस इम्प्रेडिक्टा या आमरीचे वर्णन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे फूल सुमारे दोन सेंटिमीटरचे असून मकरंदनलिका ३३ सेंटिमीटर लांब आहे आणि नावाचा अर्थ ‘भाकीत न केलेली’ असा आहे.

आमरींचे वर्णन प्रसिद्ध होणे आणि त्यांची लूट सुरू होणे यांत फार अंतर नसते. व्हिएतनाममधील पॅफिओपेडिलम कॅन्ही ही पादुका-आमरी २०१० मध्ये वर्णिली गेली आणि व्यापारासाठी तिची रोपे अल्पावधीत मोठ्या प्रमाणावर उपटली गेली. पॅफिओपेडिलम व फ्रॅग्मिपेडियम या संपूर्ण प्रजाती साइट्स या संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात असून आमरी कुलातील जवळजवळ सर्व उरलेल्या जाती दुसऱ्या परिशिष्टात येतात. त्यामुळे शास्त्रीय नमुनेही देशाबाहेर नेताना कागदपत्रे लागतात. लुटीच्या अशा अनुभवानंतर अनेक संशोधक आकर्षक फुलांच्या नव्या जातींच्या वर्णनात अक्षांश-रेखांश देत नाहीत. ते केवळ प्रांताचा किंवा पर्वतरांगेचा उल्लेख करतात आणि नेमके ठिकाण संग्रहालयातील नोंदीत ठेवतात. वर्णन वाचून त्या जातीच्या रक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्यालाही मग ते ठिकाण संग्रहालयाकडूनच मागून घ्यावे लागते.